सातवी ओळ

नागलघाटात एष्टी थांबली की उतरणाऱ्याच्या नजरेला सगळ्यात आधी पडायचा तो माणिकप्पा. त्याचं दुकान थांब्याच्या अगदी समोर. किराणा दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं. गूळ, घासलेट, विडीकाडी, सुतळी आणि सोमवारी बाजाराच्या दिवशी अर्धापुरी केळीचे दोन घड दारात टांगलेले. पण त्याचं लक्ष गिऱ्हाइकाकडे कधी नसायचंच, एष्टीच्या दाराकडे असायचं. हातात पिशवी आणि भिरभिरती नजर घेऊन कुणी अनोळखी माणूस उतरला की हा बसल्या जागेवरून उठलाच. "कोण गावचे पावणे? कुणाकडं? आसं का! मग घाट बघितला का न्हाई आमचा?" पाहुणा सोयरीक जमवायला आलेला असो नाहीतर म्हैस बघायला, माणिकप्पा त्याला आधी नदीवर नेणार, मग यजमानाच्या हवाली करणार. शिक्का घेऊन हिंडणाऱ्या सरकारी माणसालासुद्धा त्यानं सोडलं नाही.

जायची वाट ठरलेली होती. पेठेतून, कारण पेठेत माळवदांच्या सावलीनं ऊन लागत नाही आणि वाटेत चार माणसं भेटतात. भेटेल त्याची ओळख करून द्यायची. हा नरसिंग, ह्याच्या आज्यानं निजामाच्या तहसीलदाराला देवळासमोर घोड्यावरून उतरवलं होतं. (खरंखोटं त्या महादेवाला ठाऊक. नरसिंगला तर हे माणिकप्पाकडूनच कळलं.) हा दर्गा, उरसाला पहिली चादर जाते ती महादेवप्पाच्या घरातून. ही चिंच, हिच्याखाली देवणीचे बैल बाजाराला जाताना विसावतात आणि गावचे तंटे इथंच मिटतात, किंवा चांगले पेटतात. असं बोलत बोलत माणूस शेवटच्या घराला वळसा घालून पुढे आला की एकदम समोर मांजरा. पलीकडे बाभळीचं रान, अलीकडे धुणी धुणाऱ्या बायांचा कलकलाट, आणि नदी इथं नांगराच्या तासाच्या टोकाला बैल वळतात तशी सावकाश, मोठ्या घेरानं वळलेली. माणिकप्पा तिथं गप्प व्हायचा. पाहुण्याला बघू द्यायचा. तेवढी समज त्याला होती.

मग पायऱ्या. काळ्या दगडाच्या एकवीस पायऱ्या, आणि वरून पंधराव्या पायरीशी डाव्या अंगाला उभा असलेला छातीएवढा दगड. वर चंद्र-सूर्य, त्याखाली गाय-वासरू, आणि त्याखाली जुन्या कानडीतल्या सात ओळी. माणिकप्पाच्या बापानं, धोंडप्पानं, बिदरकडच्या एका स्वामींकडून त्या वाचून घेतल्या होत्या. बापाकडून त्या मुलाला तोंडपाठ झाल्या. दगडावर बोट फिरवत तो एकेक ओळ मराठीत सांगायचा. नागव्वा नावाची एक बाई होती. पानं विकून पोट भरायची. तिची सून भरली घागर घेऊन चढताना चिखलात घसरली, ती गेलीच. मग नागव्वानं जन्माची कमाई घालून ह्या पायऱ्या बांधल्या, पुन्हा कुणाची सून घसरू नये म्हणून.

"राजेलोकांचे दगड लई हायेत," माणिकप्पा म्हणायचा. "हा पानवालीचा हाय."

सहा ओळी झाल्या की तो थांबायचा, बोट वर करायचा आणि आवाज खाली आणून सातवी ओळ सांगायचा. "जो कुणी ही शिळा मोडील, त्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरणार न्हाई." दगडावर हात टेकवून उभा असलेला पाहुणा हात मागे घ्यायचा. माणिकप्पाला मोठी गंमत वाटायची. हसत हसत तो त्याला चहाला घेऊन जायचा. गाव त्याला हसायचं आणि त्याच्यावर जीवही टाकायचं.

त्याचं लग्न झालं तेव्हा नवरी उदगीरहून आली. शिवकांता. पाचपरतावण झालं आणि दुसऱ्याच सकाळी हा बहाद्दर तिला घेऊन घाटावर. सगळी पेठ दारात उभी राहून बघत होती. त्यानं सातही ओळी म्हणून दाखवल्या. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "लगीन माझ्याशी केलंय का ह्या दगडाशी?" पण ऐकलं तिनं नीट. तिला लिहितावाचता येत नव्हतं, आणि असं माणूस ऐकलेलं विसरत नाही. आठ दिवसांत तिला सातही ओळी पाठ झाल्या होत्या. पुढं मुलगी झाली, गुरम्मा. ती चालायला लागली आणि थांब्यावर जाऊन बसू लागली. अनोळखी माणूस उतरला की तिकडूनच हाळी द्यायची, "अप्पा, पावणे आले!"

असं ते घर होतं. त्याचं काय झालं ते आता सांगायचं.

बहात्तर साल. त्याच्या आधीची दोन वर्षंही पावसानं हुलकावणीच दिली होती. त्या वर्षी मात्र मांजरेची वाळू तापू लागली. बाया वाळूत खड्डे खणून झिऱ्याचं पाणी वाटीनं भरू लागल्या. जनावरं मिळेल त्या भावात गेली. दुकानात गूळ नाही, आणि असता तरी घ्यायला कुणी नाही. सरकारनं दुष्काळी काम काढलं: नागलघाटापासून मोठ्या फाट्यापर्यंत रस्ता. रस्त्याला खडी पाहिजे, आणि जवळची खाण पाच कोसांवर. लेकुरवाळ्या बायांनी रोज दहा कोस चालायचं कसं? तेव्हा माणिकप्पाच पुढे झाला. घाटाच्या बाजूला जुन्या तटाचे ढासळलेले दगड ढिगानं पडले होते. "हे घ्या," तो कामावरच्या साहेबाला म्हणाला, "पण पायऱ्यांला आन त्या उभ्या दगडाला हात लागू देऊ नका." साहेब हो म्हणाला. बायांची टोळी घाटावरच खडी फोडायला बसू लागली.

त्या टोळीत शिवकांताही होती. लिंगायत वाण्याच्या घरची सून खडी फोडायला, हे त्या पेठेत कधी झालं नव्हतं. माणिकप्पाची मान खाली गेली. "मी जातो, तू नको," म्हणाला. त्याला दम्याचा त्रास. खडीच्या धुळीत तासभर बसला की धाप लागायची. शिवकांता म्हणाली, "पोरीला काय आता लाज खाऊ घालू?" आणि हातोडा घेऊन निघाली. बोटांना चिंध्या गुंडाळून ती दिवसभर दगड फोडायची. संध्याकाळी बिनबुडाच्या लाकडी पेटीत खडी भरून माप व्हायचं. माप भरलं तर पुरी हजेरी. वर खायला सरकारी सुकडी मिळायची, ती गुरम्मासाठी पदरात बांधून आणायची.

एक दिवस साहेब घाट उतरला आणि त्या उभ्या दगडाशी बराच वेळ थांबला. छडीनं त्यावर टक् टक् केलं. "चांगली सपाट शिळा आहे," म्हणाला, आणि गेला. एवढंच. पण माणिकप्पानं तेवढ्यानंच धसका घेतला. हा उचलून नेणार. नाहीतर फोडायला सांगणार. पोटात आग पडल्यावर अक्षरं कोण बघतो? त्याला भाकर गेली नाही.

पहाटे तो आणि किशन घाटावर गेले. किशन म्हणजे त्याच्या शेतावर राबणारा, लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी पहारी लावून दगड सैल केला आणि हळूच पालथा पाडला. चंद्र-सूर्य, गाय-वासरू, सात ओळी, सगळं खाली. कडेनं वाळू सारली. उभं राहून बघितलं तर शेजारच्या शंभर दगडांत तोही एक दगड. त्या दिवसांत पोटापुढं दगड जागेवर आहे की नाही हे बघायला गावात कुणाला सवड नव्हती. "आता ह्याच्याकडं कुणी बघत न्हाई," माणिकप्पा म्हणाला. त्याला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

त्याच सकाळी तो धान्याच्या तपासाला उदगीरला गेला. किशन चार दिवसांनी निजामाबादकडे कामाला गेला तो परत आलाच नाही. आणि शिवकांताला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, सुचलंच नाही. ज्या बाईला पहिल्याच सकाळी घाटावर नेऊन सातही ओळी ऐकवल्या, ती बाई त्याच दगडापासून दहा हातांवर हातोडा घेऊन बसणार आहे, हे ह्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. दगड हा आपला विषय आणि भाकर हा तिचा, असं त्याच्या मनानं कधीच वाटून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळायला तो परतला. पाठीवर पायलीभर मिलो, रेशनवरची तांबडी ज्वारी. शिवकांता चुलीपुढे होती. गुरम्मा मांडीवर सुकडी खात बसली होती, तिच्या तोंडाला सगळी लागलेली. लई दिवसांनी घरात कुणी हसत होतं.

"आज माझं माप सगळ्याच्या आधी भरलं," शिवकांता म्हणाली. "पायऱ्यांपाशी एक मोठी शिळा लागली. सपाट. मऊ दगड हुता, भराभरा फुटला."

माणिकप्पाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यानं तोंडात घातला. चावला. गिळला. शिवकांता त्याच्याकडे बघत होती. 

दुसऱ्या दिवशी फटफटताना घाटावर गेला. पंधराव्या पायरीशी वाळूत नुसता खळगा. खडी बैलगाड्यांनी कधीच गेली होती. तो रस्त्यानं निघाला. गावाबाहेरच्या लिंबाच्या वळणापर्यंत ताजी खडी अंथरली होती आणि तिच्यावरून रूळ फिरत होता. तो वाकून वाकून बघत गेला. कुठं एखादं अक्षर, वासराचा एखादा पाय. काही नाही. सगळी खडी सारखीच. रूळवाल्यानं ओरडून त्याला बाजूला केलं.

घरी जाऊन बायकोवर आकाशपाताळ एक करायचं असं ठरवूनच तो परतला होता. दारात शिवकांता बसली होती, बोटांच्या चिंध्या सोडत होती. चिंध्या रक्तानं चिकटल्या होत्या, पाणी लावून सोडवत होती. त्यानं ते बघितलं. पुढं कधीतरी सांगू, म्हणाला स्वतःशी.

ते कधीतरी आलंच नाही. चैत्रात गावात ओकारी-हगवण सुरू झाली. झिऱ्याचं पाणी बाधलं. गुरम्मा सहा वर्षांची. पहिल्या दिवशी "अप्पा, पाणी" म्हणत होती, दुसऱ्या दिवशी तेही म्हणेना. दवाखाना फाट्यापलीकडे. महादेवप्पानं आपली गाडी जुंपली. नव्या रस्त्यानं गाडी निघाली, खडीवर चाकं खडखडत होती, आणि शिवकांता पोरीचं डोकं छातीशी धरून बसली होती, हिसका लागू नये म्हणून. लिंबाच्या वळणावर ती म्हणाली, "थांबवा गाडी." घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

नदीकाठच्या मळ्यात गुरम्माला पुरलं. लिंगायतांच्या रीतीनं मांडी घालून बसवली, हातात लिंग ठेवलं, वर विभूती. एवढासा खड्डा. माणिकप्पा माती लोटत होता आणि त्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत होता, बोट वर करून, आवाज खाली आणून, पाहुण्यांना घाबरवणारा. त्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरणार न्हाई. त्यानं शिवकांताकडे पाहिलं आणि त्या क्षणी ठरवलं. ही शिळा कोणती होती हे हिला कळता कामा नये. कळलं तर ही म्हणेल, माझ्याच हातानं माझं लेकरू गेलं, आणि मग ही जगायची नाही.

त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

त्या पावसाळ्यात मांजरेला असा पूर आला की खालच्या सात पायऱ्या गाळात गेल्या. गाळ उपसायच्या आधीच खाली कोल्हापुरी बंधारा झाला आणि घाटापाशी डोह साचला. भर वैशाखातही बाराव्या पायरीखाली पाणी उतरेना. माणिकप्पाला हे आयतंच सापडलं. "दगड कुठाय?" कुणी विचारलं की तो पाण्याकडे बोट दाखवायचा. "हितं खाली हाय. पंधराव्या पायरीला. नागव्वा पाण्यात बसलीया." आणि सहा ओळी म्हणायचा. सातवी नाही. एका चौकस पाहुण्यानं बोटं मोडून मोजलं आणि म्हणाला, "सात म्हणालात, सहाच झाल्या की."

"सातवी झिजलीया," माणिकप्पा म्हणाला. "वाचता येत न्हाई."

शिवकांता त्या वेळी खालच्या पायरीवर घागर भरत होती. तिनं वळून पाहिलं, घागर डोक्यावर घेतली आणि गेली.

दर सोमवारी ती महादेवाला जायची. येताना एक बेलाचं पान घेऊन गावाबाहेर लिंबाच्या वळणापर्यंत जायची, ते रस्त्यावर ठेवायची, हात जोडायची आणि परत फिरायची. पुढं रस्त्यावर डांबर आलं, तरी तिचं पान चुकलं नाही. वर्षानुवर्षं. एष्टीचे डायवर तिला ओळखत, गाडी हळू घेत. माणिकप्पा दुकानातून हे बघायचा. पोर तिथंच गेली ना, म्हणायचा मनाशी, आणि दुसरीकडे बघायचा.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. नागलघाटात गुलाल उधळला. कोर्टाच्या एका तारखेसाठी उस्मानाबादला दोन दिवस मोडायचे, ते संपलं. नव्या जिल्ह्याचं सगळंच नवं. जुनं काय काय आहे ते लिहून न्यायलाही एक माणूस आला. माणिकप्पानं त्याला पेठेतून नेलं, चिंच दाखवली, दर्गा दाखवला, आणि घाटावर उभं राहून सहा ओळी म्हटल्या. त्या माणसानं वहीत लिहिलं: शिलालेख, पाण्याखाली. शाळेचे हेडमास्तर हणमंतराव एवढे खूश झाले की त्यांनी थांब्यावर पाटी लावली, 'प्राचीन शिलालेखाचे गाव'. आता लातूरहून, नांदेडहून माणसं येऊ लागली. माहूरच्या यात्रेला निघालेली एक अख्खी गाडी खास वाट वाकडी करून आली. माणिकप्पाला लोक हार घालू लागले. घरी येऊन तो हार खुंटीला अडकवायचा आणि जेवायचा नाही. हरेक उन्हाळ्यात तो सकाळी उठून आधी डोहाची पातळी बघून यायचा. गाव म्हणायचं, बघा, ह्या माणसाला नदीचं किती वेड.

शहाऐंशीत नदीनं दगा दिला. पुन्हा दुष्काळ. पाणी तेराव्या पायरीवर आलं, चौदाव्या, आणि एप्रिलच्या अखेरीला डोहाच्या तळाला नुसता चिखल. पोटाला नव्हतं तरी गाव हौसेनं घाटावर लोटलं. चौदा वर्षांनी नागव्वा दिसणार! हणमंतरावांनी लातूरला पत्र धाडलं, तोच वहीवाला माणूस आला. नरसिंगनं नारळ आणला. पोरं, म्हातारे, दर्ग्याचे मुजावर, सगळे पायऱ्यांवर. शिवकांताही वरच्या पायरीला येऊन बसली.

गाळ उपसला. पंधरावी पायरी मोकळी झाली. दगड नव्हता. अजून खोल गेले. नव्हता. तीन दिवस खणलं. "पुरात वाहून गेला आसंल," माणिकप्पा म्हणाला. महादेवप्पा म्हणाला, "एवढा थोरला दगड कुठं जातोय? पायऱ्या गेल्या न्हाईत, त्यो एकटाच कसा जाईल?"

तेव्हा म्हातारी धुरपता पुढे आली. खडीच्या टोळीत शिवकांताच्या शेजारी बसणारी. खळग्याकडे बघत ती म्हणाली, "थांबा थांबा. त्या साली आमची टोळी हितंच बसायची. हितं एक सपाट शिळा पालथी पडल्याली हुती. ती शिवकांताला..."

"मी इकला!"

माणिकप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाभळीतले बगळे उडाले. "मी इकला त्यो दगड. हैदराबादच्या माणसाला. दुष्काळात. घरात दाना नव्हता. आता बसा."

 हणमंतराव म्हणाले, "अप्पा, तुम्ही?" नरसिंगनं नारळ परत पिशवीत घातला. वहीवाल्या माणसानं आपल्या ओळीवर काट मारली. एकेक करून माणसं पायऱ्या चढून गेली, आणि माणिकप्पाच्या जवळून जाताना प्रत्येकानं अंग चोरलं. संध्याकाळपर्यंत पाटी उतरली. दुसऱ्या दिवसापासून पेठेत त्याला कुणी "या अप्पा" म्हणेना. एष्टीतून पाहुणा उतरला आणि हा सवयीनं उठला, तर यजमानानं पाहुण्याचा दंड धरून त्याला दुसरीकडे वळवलं. ज्या गावावर त्यानं जन्मभर प्रेम केलं, त्या गावाच्या लेखी तो आता चोर होता. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. पण आत कुठंतरी समाधानही होतं. शिवकांता वाचली.

चौथ्या दिवशी दुपार कलल्यावर शिवकांता म्हणाली, "चला घाटावर."

घाट ओसाड होता. दोघं पंधराव्या पायरीवर बसली. समोर नदीचं नुसतं वळण, पाणी नसलेलं. तिचे केस पांढरे झाले होते, डाव्या हाताचं एक बोट त्या सालापासून वाकडंच होतं.

"सातवी ओळ म्हणा," ती म्हणाली.

"झिजलीया गं ती."

"झिजली न्हाई. मी फोडलीया."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"अर्धी शिळा फुटून उलटली तवा मला चंद्र-सूर्य दिसले. वासरू दिसलं. मला वाचता येत न्हाई, पर ते वासरू मी वळखीत न्हाई का? हात थांबला माझा. पर अर्धी तर फुटल्यालीच हुती. आन गुरम्मा उपाशी हुती." तिनं ते वाकडं बोट चोळलं. "घरी तुम्हाला मुद्दाम सांगितलं, शिळा लागली म्हणून. म्हणलं, हे ओरडतील, मारतील, मग मला रडता तरी येईल. तुम्ही भाकर चावून राहिले. मला वाटलं, ह्यांला कळलंच न्हाई. मग पोर गेली. मग मी कसं सांगू? तुम्ही सातवी ओळ म्हणायचं सोडलं, तवा म्हणलं, आता कळलंय ह्यांला. मला दोष देत न्हाईत, एवढे चांगले हायेत. चार दिसांखाली माझ्यासाठी चोरसुदीक झाले."

"आन त्यो बेल?"

"गुरम्माचा न्हवता. त्या खडीचा हुता. वळणापतूर माझ्याच मापाची खडी हाय. माफी मागून राहिले मी, चौदा वर्सं. माझ्या हातानं माझं लेकरू गेलं म्हणून."

 माणिकप्पानं तिच्या हातावर हातसुद्धा ठेवला नाही. तीच पुढे बोलली.

"एकच मला आजवर कळलं न्हाई. त्यो दगड तर उभा असायचा. उभा असता तर त्या टोळीतल्या एका बाईनं त्याला हातोडा लावला नसता. चंद्र-सूर्यावर कोण घाव घालतंय? कुंकू लावलं असतं, पाया पडलो असतो. कुण्या मुडद्यानं पालथा घातला असंल?"

तो गप्प राहू शकत होता. किशन नव्हता, बघितलेलं कुणी नव्हतं. गप्प राहायची त्याला चौदा वर्षांची सवय होती आणि आजवर त्या गप्प राहण्यालाच तो माया समजत आला होता. ह्या बाईला तो एका दुःखापासून वाचवत होता, आणि ती बाई रोज त्याच दुःखात एकटी बसत होती. दुःख त्याचं होतं. चूक त्याची होती. त्यानं ती तिच्या पदरात टाकली होती आणि वर तिची काळजी घेत होता.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?"

"मी घातला पालथा. मी आन किशननं. साहेब नेईल म्हणून भ्यालो. तुला सांगायचं ध्यानात आलं न्हाई."

 शिवकांता रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "चौदा वर्सं, अवो." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. एकेक पायरी चढत गेली. तो खालीच बसून राहिला, कारण तिच्यामागून जायची त्याची छाती झाली नाही.

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकर करायची, ताट पुढे सारायची. गावाला खरं काय ते तिनंही सांगितलं नाही, त्यानंही नाही. नागलघाटात आजही जुनी माणसं त्याला दगड विकणारा माणिकप्पा म्हणूनच ओळखतात.

सोमवारी ती महादेवाहून परतली आणि दुकानासमोर उभी राहिली. हातात बेलाची दोन पानं होती. ती तशीच पुढे चालू लागली. माणिकप्पानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि तिच्या मागून निघाला. लिंबाच्या वळणावर तिनं एक पान डांबरावर ठेवलं, हात जोडले. मग दुसरं त्याच्या हातात दिलं.

"हे तुमचं," ती म्हणाली.

त्यानं खाली वाकायचा प्रयत्न केला, दम लागला, तेव्हा तो रस्त्यावर बसलाच आणि पान तिच्या पानाशेजारी ठेवलं. फाट्याकडून एष्टी आली. डायवरनं गाडी थांबवली आणि दोघं उठेपर्यंत वाट बघितली.